दस्तू, गाडी चांगली होती

दस्तू, तुला माती देऊन आलो त्याला महिना होऊन गेला. मूठभर माती टाकली आणि मागच्या माणसाला जागा करून दिली. पुढं उभं राहायचा हक्क मी दीड वर्षापूर्वीच घालवलाय, हे तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. कुणी पुढं बोलावलं नाही, मीही गेलो नाही. घरी येऊन आंघोळ केली आणि खाटेवर पडलो. तेव्हापासून अंगातला दम गेलाय तो काही परत येत नाही. डॉक्टर म्हणतो रक्त तपासा. मी म्हणलं, रक्ताला काही झालेलं नाही.

लिहिणं हा माझा धंदा नव्हे. चौथीतनं शाळा सुटली आणि गॅरेजात आलो. तू तिसरीतनंच आलतास, आणि त्या एका इयत्तेवरनं मी तुला पन्नास वर्षं चिडवलं. पण तोंडानं बोलायचं होतं तेव्हा बोललो नाही, म्हणून आता कागदावर. सून म्हणाली, मामंजी, मी नीट करून देते. म्हणलं, नको. वाकडं आहे ते वाकडंच राहू दे.

मागच्या आठवड्यात तुझी शबाना दारात आली. हातात जीपची किल्ली, किल्लीला तू बांधलेली तांबडी वायर. आत ये म्हणलं तर आली नाही.

"चाचा, रविवारी मलकापूरकडचं गिऱ्हाईक येतंय अब्बांची जीप बघायला. पर बाजारात ज्याला इचारावं त्यो म्हणतोय, त्या गाडीचा बॉक्स गेलाय, सदूआप्पांनी सांगितलंय. दोन पावणं एवढं ऐकूनच परत गेलं."

सदूआप्पा म्हणजे मीच.

"अम्मीला गाडी दारात नको झालीय. दिसली की ती जेवत न्हाय. तुमी एकदा बघा. बॉक्स गेला असंल तर गेला म्हणा, भंगारात घालतो. गेला नसंल तर तसं बी तुमीच सांगायला पायजे. दुसऱ्याचं कोण ऐकतंय?"

किल्ली उंबऱ्यावर ठेवून गेली. तुझ्यासारखीच आहे. सांगायचं तेवढं सांगायचं आणि पाठ फिरवायची.

किल्ली दोन दिवस उंबऱ्यावरच होती. सगळे तिला ओलांडून जात होते.

ही कुठली जीप, ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे म्हणून मागनं सांगतो. तुला सगळं ठाऊक आहे, पण ऐक. मधे तोंड घालायला तू नाहीस, हे पहिल्यांदाच होतंय.

जुनी फोर व्हील गाडी घ्यायची म्हणलं की माणसं आपल्या दोघांना घेऊन जायची. कागद बघणारे वेगळे, पत्रा आणि रंग बघणारे वेगळे. आपण बघायचो ते पोटाखालचं. इंजिनाची ताकद चारी चाकांपर्यंत धडपणे पोचते का, का वाटेतच कुठं मरते. एकानं गाडीखाली जायचं, एकानं बाहेर फिरायचं. खाली गेलेल्यानं शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळायचा. शाफ्टाच्या सांध्यातला क्रॉस ढिला असला की मनगटाला कळतं. गिअरबॉक्सच्या मागं दुसरा बॉक्स असतो, पुढच्या चाकांना ताकद वाटून देणारा. त्याचं तेल थोडं काढायचं आणि त्यात सुतळीला बांधलेलं लोहचुंबक सोडायचं. चुंबकावर राखेसारखी साय आली तर गाडीचं वय झालंय एवढंच. चमकणारे तुकडे आले तर आत दात तुटलेत. तू तर ते तेल बोटावर घेऊन हुंगायचास. "जळल्याला वास हाय" म्हणायचास. मी म्हणायचो, "चाटून बघ की, मीठ कमी पडलंय का." हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. तुझं नाक खरं का माझं चुंबक खरं.

बाहेरच्यानं गाडी पुढं-मागं, पुढं-मागं करायला लावायची आणि 'टक' कुठनं येतो ते ऐकायचं. मग स्टेअरिंग पुरतं वळवून पुढच्या चाकांत कडकड होते का बघायचं. आणि पुढच्या चाकांना ताकद जोडणारा फोर व्हीलचा दांडा टाकायचा तो मऊ मातीत. डांबरावर कधी नाही. मातीत चाक जरा घसरतं, आतला पीळ सुटतो. डांबर चाकाला सोडत नाही, सगळा पीळ दातांवर येतो, मग चांगली गाडीसुद्धा आजारी दिसते. हे मला तूच शिकवलंस.

आणि आपला एक कायदा होता. गिऱ्हाइकासमोर तोंड एकच. गाडीखाली जो गेला त्यानं बोलायचं, दुसऱ्यानं मान हलवायची. पण दुसऱ्याला पटलं नसलं, तर त्यानं खाली गेलेल्याकडं चुना मागायचा. "चुना हाय काय रं?" एवढंच. मग दोघांनी तंबाखू मळायच्या निमित्तानं बाजूला जायचं, काय भांडायचं ते भांडायचं आणि परत येऊन एकच काय ते सांगायचं. कितीतरी गाड्या त्या चुन्यानं वाचल्या. कितीतरी गिऱ्हाइकं बी. लोकांना वाटायचं, म्हातारे तंबाखूचे लई नादी. तू तर तंबाखू खातच नव्हतास.

आता जयसिंगपूर.

मुरगूडच्या एका शेतकऱ्याला जीप घ्यायची होती. जयसिंगपूरला एका अडत दुकानदाराची होती, जैन माणूस, सगळे त्याला अण्णा म्हणायचे. गाडी त्याच्या वडिलांनी हाकलेली. दुपारचं ऊन, गल्लीत डांबर तापलेलं. मऊ रान होतं ते वढ्याच्या पलीकडं, चालत दहा मिनिटं. त्या दिवशी माझा गुडघा उठला होता. बसमधनं उतरल्यापासून तू बघत होतास.

"सद्या, तुझ्या गुडघ्याचा क्रॉस गेलाय. ग्रीस मार."

"तुझ्या जिभेला ब्रेक लाव आधी."

खाली जायची पाळी तुझी होती. पण मुरगूडचा माणूस मला म्हणालता, "सदूआप्पा, तुमच्या शब्दावर आलोय." ते डोक्यात चढलं. मी म्हणलं, मी जातो. तू पिशवीतलं पोतं काढलंस, झटकलंस आणि मी जिथं पडणार तिथं अंथरलंस. दरवेळी अंथरायचास, त्या दिवशीही.

वढ्यापर्यंत चालणं नको म्हणून मी दांडा डांबरावरच टाकला. गल्लीच्या तोंडाला वळवली तर गाडी धक्के खायला लागली, स्टेअरिंग दगड झालं आणि दांडा अडकला तो सुटेना. मी खाली गेलो, तेल काढलं, चुंबकावर साय आली. नुसती साय. पण मला आधीच दिसलं होतं काय बघायचंय ते. बाहेर आलो, हात पुसले.

तू तेवढ्यात चाकांभोवती फिरून आलतास. तळवा टायरवर ठेवत, एकेका चाकापाशी वाकत. माझ्याजवळ आलास आणि म्हणालास,

"सदू, चुना हाय काय रं?"

गल्ली भरली होती. मुरगूडचा माणूस माझ्या तोंडाकडं बघत होता. मी म्हणलं, "न्हाय."

आणि तिथंच सांगून टाकलं, बॉक्स गेलाय, दात उरलं न्हाईत, गाडी घेऊ नका.

अण्णा हळू आवाजात म्हणाले, "आप्पा, घ्यायची न्हाय तर नका घेऊ. पर भर गल्लीत अशी नासवू नका. वडलांची हाय." मी म्हणलं, "जे हाय ते हाय." मुरगूडच्या माणसानं तुझ्याकडं बघितलं. कायद्याप्रमाणं तू मान हलवलीस. ती मान आजही मला दिसते, दस्तू. जड वस्तू उचलताना हलते तशी हलली होती.

परतीच्या यस्टीत तू खिडकीकडं बघून बोललास, "पुढची टायरं नवी हायत. मागची झिजल्याली, रबर चढवल्याली. चाकं सारखी न्हाईत. दांडा म्हणून अडकला. आपण निघताना अण्णांनी गाडी मागं घेतली, तवा दांडा आपसूक सुटला. बघितलास?"

"न्हाय."

"बघितला न्हाईस का बघायचा न्हवता?"

"खाली मी गेलतो का तू?"

मग हातकणंगले गेलं, शिरोली गेली, तू खिडकीबाहेरच बघत राहिलास.

पंधरा दिवसांनी कळलं की ती जीप तू घेतलीस. मी उद्यमनगरच्या चहाच्या गाड्यावर होतो. तू आलास, आणि मी चार मेकॅनिकांच्या समोर म्हणलं, "गाडी चांगली होती ते ठाऊक होतं तर गिऱ्हाइकासमोर मान कशाला हलवलीस? भाव पाडून स्वतःला घ्यायची होती म्हणून?" कप तसाच ठेवून तू गेलास. भरलेला. चहावाल्यानं मला विचारलं, टाकू का? मी म्हणलं, टाक.

त्यानंतर दीड वर्ष. दोन ईदी गेल्या, तुझ्या घरनं शीरखुर्मा आला नाही. दिवाळीचा फराळ माझ्या घरनं गेला नाही. सुनेनं डबा भरला होता, मीच म्हणलं ठेव. रस्त्यात दोनदा दिसलास. एकदा तर तू थांबलासही. मी गुडघा दुखतोय असं करून खाली बघितलं. खरं म्हणजे त्या दिवशी दुखत नव्हता.

तर किल्ली. तिसऱ्या दिवशी उचलली आणि तुझ्या शेडकडं गेलो. दार सरकवलं तर तोच वास, जळक्या तेलाचा आणि तुझ्या त्या गुलाबाच्या अत्तराचा, जे तू ग्रीसच्या हातानं लावायचास. जीप मधोमध. गाडीखाली अंथरायचं ते पोतं घडी घालून बॉनेटवर. पाळी माझी असल्यासारखं.

मग काम केलं. जॅक लावला. शाफ्ट पिळला, घट्ट. तेल काढलं, साय. हुंगलंसुद्धा, दस्तू. कुणी बघत नव्हतं म्हणून हुंगलं. जळका वास नव्हता.

आणि भिंतीवर बघितलं. मागची ती दोन जुनी टायरं खुंटीला, तू ती काढून पुढच्यांच्या मापाची घातली होतीस. त्यांच्या शेजारी खिळ्याला एक सुतळी. सुतळीला दोन गाठी. शाळा कमी शिकलेल्या माणसाचं माप ते, टेप असली तरी आपण दोघं सुतळीच धरायचो. एक गाठ नव्या टायरच्या घेराची, एक जुन्याची. मधे चार बोटं. चाक एकदा फिरलं की चार बोटांचा फरक. गल्लीच्या तोंडापर्यंत जाताना किती फेरे झाले असतील आणि किती पीळ पडला असेल, ते मला मोजायची गरज नव्हती.

तुझी बायको मागं येऊन कधी उभी राहिली कळलं नाही. पन्नास वर्षांत भाभींचा आवाज मी कितीदा ऐकला असेल? चहा देतानाच तेवढा.

"ती सुतळी तुमच्यासाठीच टांगलीय भाऊजी. म्हणायचे, सद्या येईल. आला की बोलायचं न्हाय, नुसती हातात द्यायची."

मी विचारलं, गाडी का घेतली त्यानं?

"मी बी भांडले त्यांच्याशी. गरज काय होती? तर म्हणाले, दोघांनी मिळून एका तोंडानं तिचं नाव घालवलं. आता तिला कोण घेणार? एकानं तरी घरात घ्यायला पायजे. अण्णांनी सांगितलं तेवढं देऊन आले. घासाघीस केली न्हाय." मग म्हणाल्या, "चूक माझीच झाली म्हणायचे. मी त्या दिवशी बोलायला पायजे होतं, बोललो न्हाय, म्हणायचे."

दस्तू, तू तिला चुन्याचं सांगितलं नाहीस. स्वतःच्या बायकोलासुद्धा नाही. तू बोलला होतास. आपल्यात बोलायची जी रीत होती त्या रीतीनं बोलला होतास, आणि मी 'न्हाय' म्हणलं होतं. ते एवढं वजन तू एकट्यानं घरी आणलंस, गाडीसारखंच.

मी भाभींना काही सांगितलं नाही. सुतळी खिशात घातली आणि आलो. भ्यालो म्हण हवं तर. दुसऱ्या कुणी म्हणलं असतं तर कॉलर धरली असती, तू म्हण.

रविवारी मलकापूरचं पावणं आलं. चाळिशीचा माणूस, डोंगरातल्या वाड्यांवरनं दूध गोळा करतो, पावसाळ्यात चिखलानं दोन चाकाची गाडी वर चढत नाही. शबाना भिंतीला टेकून, भाभी खिडकीत. पावण्यानं गाडीकडं बघितलंच नाही, आधी माझ्याकडं बघितलं.

"आप्पा, खरं सांगा. बॉक्स गेलाय हे तुमीच म्हणलाय नव्हं?"

"म्हणलोय."

"मग आता?"

"चुकलो."

एवढा एक शब्द. तोंडातनं बाहेर पडताना दाढ काढल्यासारखा आला.

पावणं हसलं. "तवा चुकला म्हणताय. आज बरोबर हाय कशावरनं? मयताच्या घरचं भलं व्हावं म्हणून बी माणूस बोलतो की."

माणूस हुशार. मला राग आला आणि बरंही वाटलं. म्हणलं, "मग माझं ऐकू नका. हात घाला." सुतळी त्याच्या हातात दिली. त्यालाच जुन्या टायरवर फिरवायला लावली, मग गाडीच्या चारी चाकांवर. त्यानं गाठी बघितल्या. चुंबक त्यालाच तेलात सोडायला लावलं. मग गाडी नदीकडच्या नांगरटीत नेली, कालच पाणी पाजलेलं रान. मी चालत गेलो, गुडघा दुखत होता, खरंच दुखत होता, तरी चाललो. दांडा टाकला. गाडी चिखल तुडवत गेली आणि वळून आली, एकदासुद्धा अडखळली नाही. पावण्यानं एका बोटानं दांडा काढला. पुन्हा टाकला. पुन्हा काढला. मग माझ्याकडं बघून म्हणाला,

"गाडी झकास हाय आप्पा. पर एक कळंना. तुमच्यासारखा माणूस चुकला कसा? बरोबर दस्तगीरभाई होतं की."

इथं मला सुटता आलं असतं. ऊन होतं, गुडघा होता, डांबर होतं. सगळं खरं होतं. शेडपर्यंत चालत परत आलो. मग भाभी जिथं उभ्या होत्या त्या खिडकीखाली थांबलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं. आपला कायदा सांगितला. चुन्याचं सांगितलं. म्हणलं, "त्यानं मागितला होता. मी न्हाय म्हणलं. गिऱ्हाइकाला फसवायला त्यानं मान हलवली न्हाय. मी त्याचं तोंड बंद केलतं. चहाच्या गाड्यावर बोललो ते खोटं बोललो."

शबाना भिंतीपासनं पुढं आली. म्हणाली, "चाचा, हे अब्बा असताना सांगायचं होतं."

"व्हय पोरी."

खिडकीत भाभी नव्हत्या. मला वाटलं आत गेल्या, आता काही बाहेर येणार नाहीत. थोड्या वेळानं आल्या. हातात चहाचे कप, एक पावण्याला, एक मला. मी कप संपवला. तळापर्यंत.

जीप गेली. वळणावर शबानानं हात केला, गाडीला का पावण्याला कोण जाणे. भाभी परवा जेवल्या असं सून सांगत होती. जयसिंगपूरला मी अण्णांकडं जाऊन येणार आहे. मुरगूडलाही. आणि चहाच्या गाड्यावर तर गेलोच. चौघांतले दोघेच होते, बाकीच्यांना तेच सांगतील. दमतो आता. एक जागा झाली की दुसरी डोळ्यासमोर येते, आणि बसचा प्रवास सोसत नाही.

परवा तुझा चाळिसावा दिवस. पुढं बसायला मला बोलावलंय. बसतो का नाही ते बघतो.

पण एक गोष्ट मी रविवारीही सांगितली नाही. हिंमत झाली नाही. ती तुलाच सांगायची होती, म्हणून एवढं लिहिलं. त्या दिवशी सकाळी जयसिंगपूरच्या यस्टीत चढताना तू स्टँडवरनं चुना घेतलास, माझी डबी भरलीस आणि माझ्या वरच्या खिशात घातलीस. गल्लीत तू मागितलास तेव्हा ती तिथंच होती. डबी खिशात आहे हे ठाऊक असून मी न्हाय म्हणलं.